जेनेसिसचा शेवटचा अल्बम जेनेसिससारखा का वाजत नाही?

२०२५ मध्ये जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडच्या 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या १९७४ च्या अल्बमचा पन्नाशीनिमित्त मोठा बॉक्स सेट आला आणि त्या निमित्ताने बरीच नवीन मंडळी या बँडकडे वळली. माझ्याच ओळखीतल्या तिघाचौघांनी पहिल्या अल्बमपासून ओळीने ऐकायला घेतलं आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली. सत्तरच्या दशकात एक बँड, ऐंशीच्या दशकात दुसराच बँड, इथपर्यंत ठीक, पण शेवटी १९९७ चा 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' लावला तर वाटलं चुकून भलत्याच कोणाचं काहीतरी लागलंय, हे नक्की जेनेसिसच आहे का.

यावर सगळीकडे मिळणारं उत्तर म्हणजे गायक आणि ड्रमर फिल कॉलिन्स बँड सोडून गेला, नवीन गायक आला, विषय संपला. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि इतकी वर्षं तेच ऐकून थोडा त्रासही होतो. कारण त्यात सगळा भार त्या बिचाऱ्या नवीन गायकावर येतो. माझ्या मते गायक बदलल्याने झाला त्याहून मोठा फरक ड्रमर बदलल्याने झाला, आणि त्याहूनही मोठा फरक खोलीत बसून गाणी करणारे तिघे होते त्यांचे दोघेच उरल्याने झाला. हे नीट कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

प्रॉग म्हणजे काय ते आधी बघू

जेनेसिस मुळात प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड, लाडाने प्रॉग. साधं रॉक गाणं म्हणजे तीन-चार मिनिटं, कडवं, धृपद, परत कडवं, मध्ये गिटारचा एक तुकडा, संपलं. प्रॉगवाल्यांनी १९७० च्या आसपास ठरवलं की गाण्याला गोष्टीसारखं लांब जाऊ द्यायचं, मध्येच चाल बदलायची, ताल बदलायचा, एकाच गाण्यात पाच-सहा वेगळे प्रवेश आणायचे. जेनेसिसचं १९७२ चं 'सपर्स रेडी' जवळपास २३ मिनिटांचं आहे, म्हणजे जुन्या एलपीची अख्खी एक बाजूच जवळजवळ.

तालाचं सांगतो, कारण पुढे तेच महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य पॉप आणि रॉक बहुतेक चारच्या हिशोबात चालतं, एक-दोन-तीन-चार, परत एक. प्रॉगमध्ये सात, नऊ, तेरा असे हिशोब येतात आणि तिकडच्या ऐकणाऱ्याला वाटतं पायाखालची पायरीच सरकली. आपल्याला याचं तेवढं नवल नको वाटायला, आपल्याकडे सात मात्रांचा रूपक आणि दहाचा झपताल कानावरून जातच असतो. जेनेसिसच्या 'द सिनेमा शो'चा दुसरा भाग सातात आहे, 'सपर्स रेडी'मधला एक तुकडा नऊमध्ये आहे. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे १९८० चं 'टर्न इट ऑन अगेन', रेडिओवर वाजणारं, सरळसोट वाटणारं गाणं, पण टाळी धरून बघा, हमखास चुकते, कारण ते १३ मात्रांवर फिरतं आणि तरीही ऐकताना कुठेही अवघड वाटत नाही. हे अवघड न वाटणं कोणाची करामत होती ते लक्षात ठेवा, कारण ते गाणं वाजवणारा ड्रमर आणि गाणारा गायक एकच माणूस होता.

कोण आले, कोण गेले

बँड १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चार्टरहाउस शाळेतल्या मुलांनी सुरू केला. त्यातले कीबोर्डवाला टोनी बँक्स आणि बास-गिटारवाला माइक रदरफर्ड हे दोघे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत टिकले. गायक पीटर गॅब्रियल, कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून स्टेजवर येणारा. १९७० मध्ये ड्रमवर फिल कॉलिन्स आला, १९७१ मध्ये गिटारवर स्टीव्ह हॅकेट. हे पाच जण म्हणजे जाणकार मंडळींचा लाडका संच.

१९७५ मध्ये गॅब्रियल गेला. १९७७ मध्ये हॅकेट गेला. उरले तिघे, आणि पुढच्या अल्बमचं नावच 'अँड देन देअर वेअर थ्री'. या तिघांनी मग १९८६ मध्ये 'इनव्हिजिबल टच' केला, ज्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचात गेली, आणि १९८७ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये ओळीने चार रात्री कार्यक्रम केले. १९९१ चा 'वी कान्ट डान्स' पण जोरात. आमच्या घरी दादाकडे त्याची कॅसेट होती आणि मी जेनेसिस म्हणून जे पहिल्यांदा ऐकलं ते हेच, त्यामुळे २३ मिनिटांचं गाणं वगैरे मला फार नंतर सापडलं.

१९९६ मध्ये कॉलिन्स गेल्याचं जाहीर झालं. बँक्स आणि रदरफर्डने बंद करायच्या ऐवजी रे विल्सन नावाचा स्कॉटिश गायक घेतला, स्टिल्टस्किन या बँडचा, ज्यांचं 'इनसाइड' हे गाणं जीन्सच्या जाहिरातीतून येऊन १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. सप्टेंबर १९९७ मध्ये 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' आला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत ५४. अमेरिकेतला दौरा रद्द झाला, १९९८ मध्ये युरोपात कार्यक्रम झाले आणि त्यानंतर जेनेसिसचा नवीन स्टुडिओ अल्बम कधीच आला नाही.

मग आवाजात नेमकं काय बदललं

पहिलंच गाणं लावा, अल्बमच्या नावाचंच. जाड, घुसमटलेली गिटार, संथ लय, आणि खालच्या पट्टीतला खरखरीत गंभीर आवाज. सगळं ढगाळ. बँक्सचे कीबोर्ड मागे लांबच लांब पसरलेले, पावसाळ्यात सकाळीच अंधारून येतं आणि दिवसभर तसंच राहतं ना, तसं. आणि हे एका गाण्यापुरतं नाही, थोडाफार फरक सोडला तर ११ गाण्यांत हाच रंग आहे.

आता हा अंधार बाहेरून आलेला नाही. बँक्सच्या हातात तो पहिल्यापासूनच होता. 'वॉचर ऑफ द स्काइज'ची सुरुवात ऐका, १९७२ ची, मेलोट्रॉनवर वाजवलेली. मेलोट्रॉन म्हणजे असा कीबोर्ड की प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर खरी व्हायोलिनं वगैरे आधीच रेकॉर्ड केलेली, पट्टी दाबली की टेप फिरते आणि साधारण आठ सेकंदांत संपते. त्या सुरांत जी भव्य उदासी आहे तीच २५ वर्षांनी 'कॉलिंग ऑल स्टेशन्स'मध्ये आहे. पूर्वी त्या उदासीला कोणीतरी हात धरून उन्हात नेत होतं, इथे नेणारं कोणी नाही.

ड्रमरने एवढा काय फरक पडतो?

हा प्रश्न हमखास येतो. भजनाला बसलेल्यांना विचारा. बुवा बदलला तर अभंगाचा रंग बदलतो, पण पखवाजवाला बदलला तर सगळ्यांचं बसणंच बदलतं, कोण कधी श्वास घेतो, कधी टाळ मोठा करतो, कुठे थांबतो, सगळं. ऐकणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही पण काहीतरी वेगळं झालंय हे कळतं.

कॉलिन्स नुसता जेनेसिसचा ड्रमर नव्हता, तो त्याच काळात ब्रँड एक्स नावाच्या जॅझच्या अंगाने जाणाऱ्या बँडमध्येही वाजवायचा, मोटाउनची अमेरिकन सोल गाणी त्याच्या आवडीची. त्यामुळे सातची किंवा तेराची मात्रा वाजवताना तो ती गणितासारखी वाजवत नाही, डुलवत वाजवतो. बँक्सने अवघड स्वररचना करायची आणि कॉलिन्सने खालून ती चालती करायची, ही त्यांची वाटणी मला कॉलिन्स आल्यानंतरच्या अगदी पहिल्या अल्बमांपासून ऐकू येते.

शिवाय ऐंशीच्या दशकातला तो प्रसिद्ध ड्रमचा दणका. त्याला गेटेड रिव्हर्ब म्हणतात, एकदाच समजावतो. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली की ती घुमते आणि हळूहळू विरते, बरोबर? आता समजा टाळी वाजली, घुमायला लागली आणि अर्ध्या सेकंदाच्या आत कोणीतरी दार धाडकन लावून घेतलं. घुमणं मोठं पण एकदम कापलेलं. तसा ड्रम. हे सापडलं पीटर गॅब्रियलच्या तिसऱ्या एकट्याच्या अल्बमवर काम चालू असताना, लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, इंजिनियर ह्यू पॅजम आणि ड्रमवर कॉलिन्सच. स्टुडिओत वादकांशी बोलायला एक माइक टांगलेला असतो, त्यातून ड्रम भलताच दाबलेला आणि जबरदस्त ऐकू आला आणि सगळ्यांचे कान टवकारले. मग १९८१ मध्ये कॉलिन्सचं एकट्याचं 'इन द एअर टुनाइट' आलं, पॅजम जेनेसिसबरोबरही काम करायला लागला, आणि तो दणका बँडची ओळखच झाला. म्हणजे बँड सोडून गेलेल्या गायकाच्या अल्बमवर सापडलेली गोष्ट बँडमध्ये परत आली ती ड्रमरमार्फत!

पण ड्रम मशीन तर आधीपासून होतं ना?

होतं, आणि हा आक्षेप चांगला आहे. १९८० च्या 'डचेस'मध्ये ड्रम मशीन आहे, १९८३ च्या 'मामा'ची सगळी दहशतच मशीनच्या तालावर उभी आहे. पण ही दोन गाणी शेवटपर्यंत ऐका. 'डचेस'मध्ये मशीन एकटं टिकटिकत राहतं आणि मग कॉलिन्सचे खरे ड्रम आत येतात, आणि छाती भरून येते. 'मामा'मध्ये तर तो खूप उशिरा येतो, गाणं संपायच्या बाजूला, आणि आला की इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं फुटतं. मशीन आणि माणूस यांच्यातला फरक हाच त्या गाण्यांचा विषय असल्यासारखं वाटतं मला, आणि हे ज्याला मशीन कधी बंद करायचं ते कळतं तोच करू शकतो.

'कॉलिंग ऑल स्टेशन्स'वर दोन ड्रमर आहेत, इस्रायलचा नीर झिडकियाहू आणि अमेरिकेच्या स्पॉक्स बिअर्ड या प्रॉग बँडचा निक डी'व्हर्जिलिओ. दोघंही उत्तम. 'द डिव्हायडिंग लाइन'मध्ये झिडकियाहूने जे वाजवलंय ते ऐकून कोणी म्हणणार नाही की इथे ड्रमर कमी पडला. अडचण वेगळीच आहे, हे दोघे आले तोपर्यंत गाण्यांचा सांगाडा तयार होता. त्यांना घर बांधताना नाही बोलावलं, रंग द्यायला बोलावलं.

खोलीतला तिसरा माणूस

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. १९८३ च्या 'जेनेसिस' नावाच्याच अल्बमपासून या तिघांनी ठरवून टाकलं होतं की घरून कोणी तयार गाणं आणायचं नाही. सरेमधल्या त्यांच्या फार्म नावाच्या स्टुडिओत बसायचं, वाजवत सुटायचं, यालाच जॅमिंग म्हणतात, आणि तासन् तास वाजवलेल्यातून चांगले तुकडे उचलून गाणी करायची. बँक्स कीबोर्डवर स्वर टाकतोय, रदरफर्ड गिटारवर काहीतरी छेडतोय, कॉलिन्स ताल धरतोय आणि तोंडाला येईल ते शब्द नसलेलं गुणगुणतोय, आणि त्या गुणगुणण्यातून चाल निघतेय.

यात कॉलिन्सची एकाच वेळी तीन कामं होती: ताल, चाल, आणि निवड. निवड म्हणजे हे ठेवा, हे काढा, हे लांबलंय, इथे थांबा. घरात दोन भावांचं एखाद्या गोष्टीवरून अडलं की तिसरा म्हणतो ना, अरे बास, हे असं करू, तसं. दोघंच उरले की एकतर वाद होतो, नाहीतर दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात, आणि मला वाटतं या अल्बममध्ये दुसरी गोष्ट झाली. गाणी लांब आहेत, पण 'सपर्स रेडी'सारखी लांब नाहीत जिथे दर तीन मिनिटांनी नवीन दार उघडतं, ही आहे त्याच खोलीत लांबतात. 'एलियन आफ्टरनून' जवळपास आठ मिनिटांचं आहे, त्यातली सुरुवात मला फार आवडते, पण मध्ये कोणीतरी म्हणायला हवं होतं की बास, आता वळूया.

आणि विल्सन आला तेव्हा बहुतेक गाणी झालेली होती, मोजक्या दोन-तीन गाण्यांच्या लेखनात त्याचं नाव आहे. त्यातलं एक 'नॉट अबाउट अस', अकूस्टिक गिटारवरचं साधं गाणं, आणि अल्बममधलं सगळ्यात जिवंत गाणं माझ्या कानाला तेच वाटतं. हा योगायोग आहे असं मला अजिबात वाटत नाही.

मग गॅब्रियल गेला तेव्हा बँड कसा टिकला?

कारण तेव्हा जागा आतूनच भरली गेली. १९७५ मध्ये त्यांनी बाहेरच्या कितीतरी गायकांची चाचणी घेतली, जमेना, आणि शेवटी ड्रमच्या मागे बसलेला माणूस पुढे आला, जो पाच वर्षं गॅब्रियलच्या मागे सूर देत होता आणि एक-दोन गाणी आधी स्वतः गायलाही होता. १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. हॅकेट गेल्यावर गिटार रदरफर्डनेच उचलली. दोन्ही वेळा गेलेल्या माणसाच्या जागी आतलाच कोणीतरी मोठा झाला. १९९७ मध्ये आत मोठं व्हायला कोणी उरलंच नव्हतं, आणि रिकामी झालेली जागा एका माणसाची असली तरी कामं तीन होती.

विल्सनवर तर दुहेरी ओझं. त्याचा आवाज मुळात खालचा, चांगला, भारदस्त, पण १९९८ च्या दौऱ्यात जुनी गाणी गाताना काहींची पट्टी उतरवावी लागली. ज्यांनी कधी पेटीच्या साथीला गायलंय त्यांना माहितीय, काळी चारचं गाणं काळी एकमध्ये आणलं की सूर तेच असतात पण चमक जाते. यात गाणाऱ्याचा काय दोष?

काळच बदलला होता, असं नाही का?

काही प्रमाणात हो. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये गिटारवाल्या तरुण बँडचं राज्य होतं आणि पन्नाशीला टेकलेल्या दोघांनी येऊन दिलेलं उदास संगीत ऐकायला अमेरिकन रेडिओ बसला नव्हता. पण त्याच वर्षी रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा 'ओके कम्प्युटर' आला, तोही उदास, त्यातही वळणं घेणारी लांब गाणी, आणि जगाने तो डोक्यावर घेतला. म्हणजे उदासी आणि लांबी हे कारण पूर्ण पुरत नाही. तिथे पाच जण एका खोलीत होते हा फरक मला मोठा वाटतो.

मग ऐकायचा की नाही?

ऐकायचा, आणि मनापासून सांगतो, जेनेसिस हे नाव बोटाने झाकून ऐका. हा दोन जुन्या मित्रांचा, शाळेपासूनच्या दोघांचा अल्बम आहे असं समजून ऐकलात तर बरंच काही सापडतं. 'अनसर्टन वेदर'मध्ये एका जुन्या फोटोतल्या माणसाबद्दल जी हुरहूर आहे ती कॉलिन्स असता तर कदाचित इतकी थांबली नसती, पुढे सरकली असती. सुरुवात 'द डिव्हायडिंग लाइन', 'नॉट अबाउट अस' आणि 'अनसर्टन वेदर' या तिघांपासून करा, मग बाकीचं.

पण शेवटचा कसा, ते तर परत आले होते ना?

स्टेजवर आले. २००७ मध्ये कॉलिन्ससकट दौरा झाला, रोममध्ये चिर्को मास्सिमोच्या मैदानात लाखोंच्या गर्दीपुढे मोफत कार्यक्रम झाला. २०२१-२२ मध्ये 'द लास्ट डॉमिनो?' हा दौरा झाला. पण नवीन गाणी नाहीत, त्यामुळे स्टुडिओत केलेला शेवटचा अल्बम १९९७ चाच. रे विल्सन पुढेही स्वतःच्या कार्यक्रमांत जेनेसिसची गाणी गात राहिला.

२६ मार्च २०२२, लंडनचा ओ-टू हॉल, शेवटची रात्र. कॉलिन्सला पाठीच्या आणि नसांच्या दुखण्यामुळे ड्रम वाजवणं शक्य नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला. ड्रमवर त्याचा मुलगा निक, वय २०, म्हणजे 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' त्याच्यापेक्षा जवळपास चार वर्षांनी मोठा. प्रेक्षकांत पीटर गॅब्रियल. त्या अल्बममधलं एकही गाणं त्या रात्री वाजलं नाही, २००७ मध्येही वाजलं नव्हतं. सगळ्यात शेवटी त्यांनी 'द कार्पेट क्रॉलर्स' घेतलं, १९७४ च्या 'द लॅम्ब'मधलं, मूळ गॅब्रियलने गायलेलं, आणि बापाने बसून गायलं, मुलाने मागून ताल धरला.